आगंतुक टपाल

दुसऱ्याच्या दारावर थाप मारण्याचा हक्क कुणाला असतो? प्रश्न साधा आहे आणि रोजच्या व्यवहारात आपण तो कधीच सोडवून टाकलेला आहे. पेपरवाला, दूधवाला, पोस्टमन, शेजारची मुले, लग्नाचे आमंत्रण किंवा मय्यतीचा निरोप घेऊन आलेला नातलग यांना कुणी अडवत नाही. अनोळखी माणूस उंबऱ्याबाहेर थांबतो, नाव सांगतो, काम सांगतो आणि 'आता नको' म्हटले की वळतो. मुलुंडच्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर 'विक्रेत्यांना सक्त मनाई' अशी पाटी असते. तरीही भर उन्हात तीन जिने चढून अगरबत्ती विकायला आलेल्या बाईला आपल्या घरातले कुणीतरी पाणी विचारतेच. पाटीही आपली आणि पाणीही आपले. या दोन्ही गोष्टी मिळून आपली तहजीब तयार झाली आहे.

या तहजिबीची परीक्षा आज भलत्याच ठिकाणी होते आहे. ते ठिकाण म्हणजे आपली ईमेलची पेटी. सकाळी ती उघडावी तर ज्याची वाट पाहत होतो ते एक पत्र आणि त्याच्याभोवती न मागितलेल्या पत्रांचा गराडा. कुणी विनातारण कर्ज देऊ करतो, कुणी वजन उतरवून देतो, कुणी आपण न काढलेल्या लॉटरीत आपल्याला कोट्यधीश करतो. कुणी बँकेच्या नावाने दम देतो की आज संध्याकाळपर्यंत माहिती भरली नाही तर खाते बंद. याला स्पॅम म्हणतात. एक कळ दाबली की हे सारे नाहीसे होते. मग एवढ्याशा कटकटीला नैतिक प्रश्न म्हणून डोक्यावर घ्यावे काय? घ्यावे, असे आम्हाला वाटते. कारण या पेटीत आपण रोज नकळत दोन गोष्टी ठरवत असतो. परक्याने आपल्याकडे किती हक्काने यावे ही पहिली, आणि परक्याला आपण किती सहज हाकलावे ही दुसरी.

आधी या शब्दाची गंमत सांगितली पाहिजे. स्पॅम हे मुळात हॉर्मेल नावाच्या अमेरिकन कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव, आणि ते मांस डुकराचे. १९७० साली 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींनी दूरदर्शनवर एक प्रहसन केले. त्यातल्या खानावळीत कोणताही पदार्थ मागवा, त्यात हे मांस असणारच. गिऱ्हाईक नको नको म्हणते आणि वाढपीण तेच वाढते. नको असलेल्या पत्रांना हे नाव तिथून चिकटले. आमच्यासारख्यांच्या घरात तो डबा येण्याचा प्रश्नच नव्हता. नाव मात्र रोज येते, आणि ताटात न मागता वाढले जाण्याचा अर्थ आम्हाला कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

असे पहिले पत्र ३ मे १९७८ रोजी गेले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे चारशे जणांना एकदम धाडले. त्या काळी हे जाळे संशोधकांचे आणि सरकारी कामाचे होते. लोक संतापले, पण थोडीफार विक्रीही झाली. पुढची मोठी पायरी १९९४ सालची. अ‍ॅरिझोनातल्या एका वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांत एकाच वेळी सोडली. हा तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. जाहिरात कुणासाठी होती? परक्या देशात पाय रोवू पाहणाऱ्या, कागदपत्रांच्या धास्तीत जगणाऱ्या माणसांसाठी. ज्याला गरज आहे आणि ज्याच्या मनात भीती आहे, त्याच्या दारावर आधी थाप पडते. आजही कर्जाची पत्रे कर्जात बुडालेल्याला आणि नोकरीची पत्रे बेकाराला घायाळ करतात. बाकीचे हसून पुढे जातात.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढच्याच वर्षी ४ जुलैला हॉटमेल निघाले. त्याच्या दोन संस्थापकांपैकी सबीर भाटिया हे आपल्याकडचे. फुकट पत्रपेटी ही कल्पना तेव्हा चमत्कारासारखी होती. उपनगरांत सायबर कॅफे निघाले. घरी संगणक नसलेली मुलेमुली तासाचे पैसे मोजून तिथे बसत, आखातातल्या भावाला, बापाला पत्र धाडत. त्या मोजलेल्या तासातली काही मिनिटे नको ती पत्रे पुसण्यात जात. म्हणजे पाठवणाऱ्याला फुकट आणि घेणाऱ्याला भुर्दंड.

टपालाच्या इतिहासात हे उलटे गणित पूर्वीही होते. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाराच देई. रोलंड हिल यांच्या सुधारणेने तिकीट आले आणि खर्च पाठवणाऱ्याच्या माथी आला. आपल्याकडे १८५४ साली देशभर एकसारखे दर आणि तिकिटे सुरू झाली. तरीही बिनतिकिटाचे 'नॉटपेड' पत्र आले की पोस्टमन जास्तीचे पैसे मागे, आणि घरात चर्चा होई की घ्यावे की परत पाठवावे. निदान परत पाठवण्याची मुभा होती. ईमेलने तिकीट काढून टाकले. जी थोडी किंमत मोजावी लागल्यामुळे माणूस लिहिण्यापूर्वी दोन मिनिटे विचार करी, ती किंमतच गेली.

किंमत गेल्यावर काय होते, याचा हिशेब कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यात शिरून त्यांनी औषधविक्रीची पत्रे मोजली. सव्वीस दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रे गेली आणि त्यातून खरेदीपर्यंत पोहोचले २८ जण. एका गिऱ्हाईकामागे सव्वा कोट पत्रे! यातच या व्यवहाराचे नैतिक रूप दडलेले आहे. समजा, एखादा माणूस शहरातल्या प्रत्येक घरातून तांदळाचा एकच दाणा उचलतो. कोणत्याही घरी उपास पडत नाही, कुणीही पोलिसांत जात नाही. पण त्याच्या कोठारात पोती साठतात. प्रत्येकाचे नुकसान नगण्य आहे म्हणून त्याची चोरी नगण्य ठरते काय? नाही. दुसऱ्याच्या वेळेचा आणि लक्षाचा तो मालक नव्हता. विचारल्याशिवाय त्याने ते उचलले. नुकसानीची रक्कम लहान असली तरी 'मला विचारण्याची गरज नाही' ही वृत्ती लहान नाही.

विचारण्याची ही गोष्ट आमच्या घरांत लहानपणापासून शिकवली जाते. परक्या घरात शिरण्यापूर्वी सलाम करून इजाजत घ्यावी आणि 'परत जा' म्हटले तर राग न धरता परत जावे, ही शिकवण कुरआनच्या सूरह नूरमध्ये आहे. तीनदा विचारूनही उत्तर आले नाही तर वळावे, असा रिवाज जाणती माणसे सांगतात. उत्तर न देण्याचा हक्क घरमालकाला आहे, हे यात गृहीत धरलेले आहे. शांत बसलेल्या दाराला कुणी उद्धट म्हणत नाही.

मात्र स्पॅम म्हणजे नेहमी दुसऱ्या कुणीतरी केलेला उद्योग, असे समजण्याचे कारण नाही. संगणक येण्याच्या कितीतरी आधी आपल्या घरांत साखळीपत्रे येत. देवदेवतांच्या नावाने पोस्टकार्डे फिरत: इतक्या प्रती काढून इतक्या जणांना पाठवा, लाभ होईल, फाडाल तर संकट ओढवेल. मुस्लिम मोहल्ल्यांत 'वसीयतनामा' येई. मदिनेत पैगंबरांच्या रौज्याची सेवा करणाऱ्या शेख अहमद नावाच्या माणसाला स्वप्न पडले, त्यात कयामत जवळ आल्याची ताकीद मिळाली, हा कागद पुढे पाठवील त्याचे भले होईल आणि न मानणाऱ्याचे वाईट. या कागदाची नोंद स्नूक हुर्ग्रोन्ये या डच अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात, १८८०च्या दशकातच करून ठेवली आहे. उलेमांनी वेळोवेळी सांगितले की यात तथ्य नाही. तरीही कागद थांबला नाही. हस्तलिखितातून छापखान्यात, तिथून झेरॉक्सवर आणि आता मोबाइलवर तो सुखाने नांदतो आहे. भीती आणि पुण्य यांचे मिश्रण करून दुसऱ्याला कामाला लावण्याची ही युक्ती बँकेच्या नावाने येणाऱ्या पत्रात जशीच्या तशी दिसते. 'लगेच करा, नाहीतर' हे दोन्हीकडचे ब्रीदवाक्य आहे. रोज सकाळी शंभर जणांना फुलांची चित्रे आणि न तपासलेल्या बातम्या पुढे ढकलणाऱ्या सज्जनांनीही याचा विचार करावा. नियत चांगली असली तरी थाप ती थापच.

मग कायद्याने बंदोबस्त करावा काय? इथे महाराष्ट्राने घेतलेला अनुभव विसरता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६अ हे कलम आले. पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा लपवून फसवणारी, किंवा त्रास आणि गैरसोय करण्यासाठी धाडलेली ईमेल हा त्याच्या एका पोटकलमाचा विषय होता. वाचताना कुणालाही वाटावे, स्पॅमवर औषध मिळाले. प्रत्यक्षात काय झाले? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर शंका व्यक्त केली, तिच्या मैत्रिणीने ती पसंत केली, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६अ होते. स्पॅम पाठवणारे मोकळे आणि मनातले बोलणाऱ्या दोन मुली पोलीस ठाण्यात! २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. 'त्रास होणे' हा शब्द कायद्यात फार सैल असतो. न आवडणारे मत आणि न मागितलेली जाहिरात या दोन्ही गोष्टी त्रास देतात, पण पहिलीशिवाय समाज जगत नाही. नको असलेल्या फोनसाठी आणि संदेशांसाठी दूरसंचार नियामकाने २००७ पासून नियम केले, १९०९ हा क्रमांक दिला. ईमेल त्यात येत नाही. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. आपली माहिती वापरण्यापूर्वी संमती हवी, हे त्याचे तत्त्व. म्हणजे फिरून आपण इजाजतीपाशीच आलो.

कायदा जिथे अडखळला तिथे यंत्र पुढे आले. पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने ऑगस्ट २००२ मध्ये एका लेखात चाळणीची एक रीत मांडली. अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या गणितावर ती उभी होती. नको असलेल्या आणि हव्या असलेल्या पत्रांचे दोन ढीग करायचे, कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचे, आणि नवे पत्र आले की त्यातल्या शब्दांवरून ते कोणत्या ढिगातले असावे याचा अंदाज बांधायचा. २००४ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी दाव्होस येथे भाकीत केले की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. तो सुटला नाही. चाळणीने मात्र आपली पेटी राहण्याजोगी केली, आणि त्याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत.

पण चाळणी अंदाजाने चालते. पत्र लिहिणाऱ्याचा हेतू तिला कळत नाही. आधी आलेल्यांसारखे दिसते की नाही एवढेच ती पाहते. म्हणून कधी नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, कधी जुन्या मित्राचे वीस वर्षांनी आलेले पत्र कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडते. लिहिणारा उत्तराची वाट पाहत राहतो. त्याचा गुन्हा काय? तो दुसऱ्या कुणासारखा दिसला.

हे वाक्य लिहिताना आम्हाला पत्रांपलीकडचे काही आठवल्याशिवाय राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा पाहायला गेल्यावर सांगण्यात आले की महाराष्ट्रीय माणसाला इथे जागा देत नाहीत. तिची चित्रफीत सर्वत्र पसरली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, राज्यभर संताप व्यक्त झाला. तो रास्तच होता. मुंबईत भाड्याने घर शोधणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला हा अनुभव नवा नाही. दलाल फोनवर गोड बोलतो, नाव ऐकताच मालकाने 'जागा नातेवाइकाला दिली' असे होते. इथेही दोन ढीग आधीच तयार असतात, आडनावांवरून मोजमाप होते आणि माणूस न पाहताच टोपलीत जातो. मुलुंडच्या त्या घटनेने बहुसंख्य मराठी माणसाला एक दिवस चाळणीच्या खालच्या बाजूला उभे केले. तिथून जग कसे दिसते, हे त्या दिवशी पुष्कळांना कळले असेल.

तेव्हा पत्र गाळणे आणि माणूस गाळणे यांत फरक कोणता? पत्राला घराची गरज नसते, माणसाला असते. चुकून गाळलेले पत्र परत उचलता येते, अपमान उचलता येत नाही. हा एक फरक. दुसरा अधिक महत्त्वाचा. स्पॅमला आपण नाकारतो ते त्याच्या करणीसाठी: तो न विचारता आला, नाव लपवून आला, आपल्यासाठी म्हणून न येता कोट्यवधींसाठी एकसारखा आला आणि 'नको' ऐकायला थांबला नाही. यांतली एकही गोष्ट घर शोधणाऱ्या माणसाला लागू होत नाही. तो नाव सांगून आलेला असतो. किंबहुना नाव सांगतो म्हणूनच तर मार खातो. करणी पाहून नाकारणे हा विवेक आहे. नाव पाहून नाकारणे हा आळस आहे, आणि त्या आळसाची किंमत दुसरा मोजतो.

आता पलीकडच्या टोकाला कोण बसलेले आहे, तेही पाहू. दूरदेशीची संपत्ती तुमच्या खात्यात ठेवू पाहणारी ती प्रसिद्ध पत्रे इतकी भोळसट का असतात, याचे उत्तर कॉर्मक हर्ली या संशोधकाने २०१२ साली दिले. ती मुद्दामच अविश्वसनीय लिहिलेली असतात. शहाणा पहिल्याच ओळीला हसून बाजूला होतो आणि जो उरतो तो शेवटपर्यंत फसण्याजोगा असतो. म्हणजे ठगाकडेही चाळणी आहे, आणि ती नेमका भाबडा माणूस गाळून घेते. उत्तरादाखल नम्रपणे 'कृपया पाठवू नका' लिहिले तरी त्याला एवढेच कळते की हा पत्ता जिवंत आहे. आपली शराफत हेच त्याचे भांडवल.

तरी तो नेहमी दूरदेशीचा राक्षस नसतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. करवसुली अधिकारी असल्याचे भासवून अमेरिकेतल्या लोकांना धमकावण्याचे काम तिथे पाळ्यांमध्ये चाले. सातशेहून अधिक जण ताब्यात घेतले गेले, त्यांत नुकतीच शिकून बाहेर पडलेली मुले पुष्कळ. मुलुंड-ठाण्याच्या चाळींत आणि सोसायट्यांत वाढणाऱ्या मुलांपेक्षा ती फार वेगळी नव्हती. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरील फसवणूक-छावण्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणले गेले. नोकरीच्या खोट्या आश्वासनाला भुलून ते तिथे पोहोचले होते आणि त्यांनाच बसवून इतरांना भुलवणारे संदेश लिहून घेतले जात होते. फसलेला माणूस फसवण्याचे हत्यार झाला. आपल्या पेटीतल्या एखाद्या ओंगळ पत्रामागे असा कुणी बसलेला असू शकतो. यामुळे दार उघडावे असे नाही. बंद दाराआड शिव्या घालताना मात्र जीभ थोडी आवरावी.

आणखी एक गोष्ट मुलुंडकरांना सांगायला नको. हरिओम नगरजवळची कचराभूमी १९६७ पासून शहराचा कचरा पोटात घेत होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बंद झाली तेव्हा तिथे सुमारे ७० लाख टन कचरा साठलेला होता. वर्षानुवर्षे दुर्गंधी सोसलेल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण शहराने कचरा करणे थांबवले नव्हते. तो कांजूर आणि देवनारकडे गेला, तिथल्या माणसांच्या नाकाशी. चाळणीनेही असेच होते. ज्याची पेटी राखलेली आहे त्याच्याकडून परतलेला ठग अशा दाराकडे जातो जिथे राखण नाही: नुकताच मोबाइल हाती आलेली आजी, मुले परदेशी असलेले निवृत्त गृहस्थ, इंग्रजी पत्राला सरकारी समजून घाबरणारा कारागीर. आपली पेटी स्वच्छ झाली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

मग कर्तव्य कोणते? न मागितलेल्या पत्राला उत्तर देणे आपण लागत नाही. ते न वाचता टाकण्यात काहीही असभ्य नाही. पण आठवड्यातून एकदा टोपली चाळून पाहणे आपण लागतो, कारण तिथे एखादा निरपराध पडलेला असू शकतो. शेजारच्या वृद्धाला बसवून दाखवणे लागतो की बँक अशी पत्रे लिहीत नाही, आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा असतो, लाजत बसायचे नसते. स्वतः काही पुढे पाठवण्यापूर्वी समोरच्याला ते हवे आहे काय, हे विचारणे लागतो. आणि यंत्राला शिकवलेली शंका माणसांवर न वापरणे, हे तर सर्वांत आधी लागतो. कचऱ्यासाठी चाळणी घट्ट असावी. तीन जिने चढून, आपले खरे नाव सांगून जो दारात उभा आहे, त्याला आत घ्यायचे की नाही हे मागाहून ठरवता येईल. आधी दार उघडून त्याचा चेहरा पाहावा आणि पाणी विचारावे.